ही रुंदी कुणाची? : पोलरॉन प्रकल्पाची वही

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय ठरला. आमच्या विभागात थिन फिल्मवाल्यांची रांग मोठी. थिअरीच्या यादीत एकच ओळ होती आणि तिच्यापुढं कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून माझं लिहून टाकलं. फर्मी वायूत (अतिशीत अणूंच्या एका खास गर्दीत) एकच परका अणू सोडला तर त्याचा स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेला तो किती दिसतो) कसा असतो, हे कोड लिहून काढायचं. गर्दी चिकटलेल्या त्या अणूलाच पोलरॉन म्हणतात.

गाइड मॅडम म्हणाल्या, "रोजची वही ठेव. तारीख टाकून. चुकलेलंही लिही, पानं फाडायची नाहीत." म्हणून ही वही.

रूमवर पार्टनरनं (गडहिंग्लजचा, थिन फिल्मवाला) विचारलं, "अशुद्धी म्हणजे डोपिंगच की रे?" म्हटलं, तसं नव्हे. डोपिंगमध्ये अशुद्धी जाळीत एका जागी बसते. इथं ती मोकळी हिंडते, आपण फक्त एकच सोडतो, आणि भोवतालच्या गर्दीनं तिची ऊर्जा, वजन, आयुष्य काय होतं ते बघतो. तो म्हणाला, "मग पाहुणा म्हण की सरळ." ठरलं. वहीत पाहुणा, आणि कोडमधल्या व्हेरिएबललाही तेच नाव.

८ जानेवारी, बुधवार

आधी स्वतःला कळलंय का ते तपासतो.

लिथियम-६ घ्या. तीन प्रोटॉन, तीन न्यूट्रॉन, तीन इलेक्ट्रॉन, एकूण नऊ. विषम, म्हणून अख्खा अणू फर्मिऑन, म्हणजे एका अवस्थेत एकच मावतो असा कण. हे अणू अतिशीत केले की खालपासून एकेक पातळी भरत जाते आणि वर फर्मी ऊर्जेला काठ येतो. सगळे एकाच स्पिन-अवस्थेत असले तर इतक्या थंडीत ते एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत, पाउलीचा नियम त्यांना जवळ येऊ देत नाही. मग एक अणू दुसऱ्या स्पिन-अवस्थेतला घातला. तो मात्र सगळ्यांशी बोलतो. किती जोरात, ते चुंबकीय क्षेत्रानं ठरवता येतं: लिथियम-६ मध्ये ८३२ गॉसच्या आसपास फेशबाख रेझोनन्स आहे आणि तिथं स्कॅटरिंग लांबी (दोन अणू एकमेकांना किती जाणवतात त्याचं माप) अनंत होते.

दरवेळी लांबलचक लिहायला नको म्हणून य = १ / (फर्मी तरंगसंख्या × स्कॅटरिंग लांबी). फर्मी तरंगसंख्या म्हणजे काठावरच्या अणूची. य खूप ऋण असेल तर हलकं आकर्षण. य = ० म्हणजे युनिटॅरिटी, सगळ्यात जोराची जागा. य धन झाला की पाहुणा आणि एक यजमान (गर्दीतला अणू) मिळून निर्वातातसुद्धा रेणू बनवू शकतात, बंधनऊर्जा दोन गुणिले य-वर्ग. ऊर्जा सगळीकडे फर्मी ऊर्जेच्या एककात.

भोवतालचा लवाजमा घेऊन फिरणारा कण ही कल्पना लान्दाउची, १९३३ ची, स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनसाठी. पोलरॉन हे नाव तिथूनच आलं. आपला तो फर्मी पोलरॉन.

१० जानेवारी, शुक्रवार

पार्टनरला समजावताना दिवाळीतल्या, कोल्हापूरच्या महाद्वार रोडची उपमा दिली. गर्दीतून चालणाऱ्या माणसाला लोक चिकटतात, तो जड होतो वगैरे. दिली आणि लगेच खटकली. महाद्वार रोडवर कुणीही कुठंही सरकू शकतो. फर्मी सागरात (त्या खालपासून भरलेल्या पातळ्यांत) आतली जागा रिकामीच नसते.

त्यापेक्षा सणाच्या आदल्या दिवशीची गारगोटी एस.टी. बरी. खच्चून भरलेली. हलायचं तर दारापाशीच्याच माणसानं. आतला हलायचा म्हणजे त्याला थेट गाडीबाहेर काढावं लागतं. मागं जी सीट मोकळी राहते तो होल, बाहेर पडलेला तो पार्टिकल. फ्रेडेरिक शेव्ही यांनी २००६ मध्ये हेच गणित मांडलं: पाहुण्याची अवस्था म्हणजे थोडा 'सडा पाहुणा, सागर शांत' आणि थोडा 'पाहुण्याच्या धक्क्यानं एक माणूस बाहेर, एक सीट मोकळी'. एकच जोडी, दोन नाहीत, तीन नाहीत. एवढ्यावर युनिटॅरिटीला उत्तर येतं −०.६०७.

एस.टी.चीही उपमा पुरती टिकत नाही, हे मॅडमनी संध्याकाळी दाखवलं. जोर वाढला की दारापाशीचेच नव्हे, पार मधल्या सीटवरचेही उठतात. सूत्रातली बेरीज अख्ख्या सागरावर आहे, नुसत्या काठावर नाही. उपमा बंद. आता कोड.

२२ जानेवारी, बुधवार

संक्रांत गावी, मग सर्दी. कोड मात्र झाला. युनिटॅरिटीला उत्तर: −१.४४.

पाहिजे −०.६०७. दुपटीहून जास्त, आणि दोननं भागून तरी जमतंय का, तर तेही नाही (०.७२). ग्रिड (गणिताच्या बिंदूंची जाळी) दुप्पट केला, तेच. कटऑफ (बेरीज जिथं थांबवतो ती तरंगसंख्या) वाढवला, तेच. म्हणजे चूक ठाम आहे, गोंधळलेली नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस 'दोनचा गुणक कुठं सुटला' याच्यामागं घालवले. रिड्यूस्ड मास (दोन अणूंचं मिळून धरायचं वस्तुमान), अर्धा, दोन, पुन्हा अर्धा. मॅडमना दाखवलं. त्यांनी कोडकडं बघितलंसुद्धा नाही. "एवढ्या खोल पाण्यात काय शोधतोस? काठावर ये. य उणे दहा कर. तिथं उत्तर हातानं काढता येतं."

उणे दहाला पहिलं पद ४/(३ पाय) × (−०.१), म्हणजे −०.०४२४ (पाय म्हणजे π). कोड म्हणतो −०.०४३. जवळच की! मी खूश. मॅडम म्हणाल्या, "जवळ बघू नकोस, बाजू बघ. दुरुस्ती वर जायला पाहिजे की खाली?"

दुसरं पद हातानं काढायला सांगितलं. कँटीनमध्ये बिलाच्या मागच्या बाजूला बसलो. कोनावरचं इंटिग्रल केल्यावर लॉग येतो, लॉगची मालिका मांडली, पद-पद इंटिग्रेट केलं, आणि उरलं काय:

१/(१·३·५) + १/(३·५·७) + १/(५·७·९) + …

ही मालिका १/१२ ला जाते. पण तिच्याआधी एक −१/३ बसलेला आहे. दोन्ही मिळून −१/४, त्यामुळं दुरुस्ती येते +२/पाय-वर्ग गुणिले ०.०१, म्हणजे +०.००२०. बेरीज −०.०४०४. दुरुस्ती वर जाते, माझा कोड खाली जात होता. आणि तो −१/३ सोडून नुसता १/१२ धरला तर चिन्ह बरोबर माझ्या कोडसारखं उलटं होतं!

चहा गार झाला होता, पण चूक सापडली. अपरिमित होणारं इंटिग्रल आटोक्यात आणायला जे वजा करतात (निर्वातातलं पद), ते शून्यापासून अनंतापर्यंत वजा करायचं असतं. मी एकाच लूपमध्ये घातल्यामुळं ते फर्मी काठाच्या बाहेरच वजा होत होतं. सागराच्या आतलं राहून गेलं. निर्वाताला सागर ठाऊकच नाही, तो कशाला काठाशी थांबेल? एक ओळ. उणे एक. त्या एका ओळीपायी −१.४४.

२५ जानेवारी, शनिवार

ओळ घातली. य = −१० ला −०.०४०४, कागदाशी जुळलं. युनिटॅरिटी: कटऑफ २० ला −०.६०९, ४० ला −०.६०८. शेपूट हळू मरतं म्हणून बदलराशी उलटी करून (तरंगसंख्येऐवजी तिचा व्यस्त) अनंतापर्यंत गेलो: −०.६०६६.

हे शेव्हीचं उत्तर. दोन जोड्या धरल्या की −०.६१५८ येतं, ते कॉम्बेस्को आणि जिरो यांनी २००८ मध्ये दाखवलं. एका जोडीनं एवढं जवळ कसं येतं हे मला अजून नवल वाटतं. दुसरी जोडी आली की होलांच्या वाटा एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, असं कारण देतात. वाचलं, पटलं, पण स्वतः करून बघितल्याशिवाय आतून कळणार नाही.

रात्री पार्टनरला मिसळ माझ्याकडनं.

१ फेब्रुवारी, शनिवार

काम शून्य. किरणोत्सवासाठी आई गावाहून आली होती, तिच्याबरोबर अंबाबाईला गेलो. मावळतीची किरणं काल पायांवर, आज छातीवर, उद्या चेहऱ्यावर, असा तीन दिवसांचा हिशेब. माझ्या डोक्यात मात्र एकच: झरोक्यातनं आलेल्या झोताची कड धूसर का दिसते? सूर्याला रुंदी आहे म्हणून, की दारं-खांब मध्ये येतात म्हणून? आई म्हणाली, "देवळात तरी हात जोड."

११ फेब्रुवारी, मंगळवार

आता खरा विषय, स्पेक्ट्रल फंक्शन. पाहुण्याला अमुक ऊर्जा दिली तर तो ती घेण्याची शक्यता किती, त्याचा आलेख. सगळ्या आलेखाखालचं क्षेत्रफळ एक. पोलरॉन असेल तर तिथं एक तीक्ष्ण शिखर, आणि त्या शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे रेसिड्यू. पाहुण्यात सडेपणा किती उरलाय त्याचं माप. शेव्हीच्या गणितात युनिटॅरिटीला तो ०.७८.

संगणकाला अनंत तीक्ष्ण रेघ काढता येत नाही. म्हणून ऊर्जेला एक छोटा काल्पनिक भाग जोडतात, ईटा. मी ०.०१ घेतला. आलेख सुरेख आले. य = −१, −०.५, ०. तिन्ही शिखरं सरकत सरकत डावीकडं गेली, पाहिजे तशी.

फक्त तिघांचीही उंची ३१.८.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

३१.८ म्हणजे १ भागिले (पाय × ०.०१). भौतिकशास्त्राचा त्यात थेंब नाही, मीच घातलेला ईटा मला परत दिसतोय!

कारण: ऋण ऊर्जेला भाजक शून्य होत नाही म्हणून सेल्फ-एनर्जी (गर्दीमुळं पाहुण्याच्या ऊर्जेत पडणारा फरक) मी नुसती वास्तव संख्येत काढली होती आणि ईटा फक्त बाहेरच्या अपूर्णांकात लावला होता. तसं केलं की उंची रेसिड्यूवर अवलंबूनच राहत नाही. ईटा आत-बाहेर दोन्हीकडं घातला. युनिटॅरिटीला आता:

ईटा ०.०२ ला उंची १२.४, ०.०१ ला २४.८, ०.००५ ला ४९.७.

उंची गुणिले पाय गुणिले ईटा: ०.७८, ०.७८, ०.७८. क्षेत्रफळ तेच. शिखराची उंची आणि रुंदी दोन्ही माझी, खरं त्यात तेवढं ०.७८. सेमिनारमध्ये 'बघा किती तीक्ष्ण शिखर' म्हणणार होतो, थोडक्यात वाचलो.

मॅडम: "प्रयोगवाल्यांनाही ईटा असतोच. पल्स एक मिलिसेकंदाचा दिला तर किलोहर्ट्झच्या घरातली रुंदी पल्सनेच घातलेली." एमआयटीत झ्वीरलाइन यांच्या गटानं २००९ मध्ये लिथियम-६ वर रेडिओ लहरींनी हेच शिखर मोजलं. रुंद पार्श्वभूमीतून वर आलेलं एक अरुंद शिखर, युनिटॅरिटीला ऊर्जा −०.६४, अधिक-उणे ०.०७. माझं −०.६०७ त्यात बसतं. दोन जोड्यांचंही बसतं. म्हणजे एक जोडी की दोन, याचा निकाल त्या मोजमापातून लागत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर चालू ठेवलेला रन गेला. पहाटे वीज गेली आणि इन्व्हर्टरची बॅटरी, कळलं की, दिवाळीपासूनच मेलेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आता दर पन्नास बिंदूंनी फाइल लिहितो. प्रभावी वस्तुमान त्यातल्या त्यात उरकलं: पाहुणा १.१७ पट जड. ठीक.

५ मार्च, बुधवार

धन बाजूला आलो, य = २. इथं आलेखात दोन बिऱ्हाडं. डावीकडं खोल आकर्षक पोलरॉन, आणि उजवीकडं शून्याच्या वर आणखी एक शिखर. हा प्रतिकर्षक पोलरॉन.

पार्टनरचा प्रश्न रास्त होता: "एकाच वेळी ओढतोयस पण आणि ढकलतोयस पण?" बल आकर्षणाचंच आहे, बदललेलं नाही. पण खाली रेणूची बद्ध अवस्था तयार झाली की तिच्यावरच्या अवस्थांना तिच्यापासून वेगळं राहावं लागतं. वरचा पाहुणा रेणू न बनता हिंडतो आणि त्यापायी त्याची ऊर्जा वाढते. म्हणजे तो उत्तेजित अवस्थेत आहे, कधीतरी खाली पडणारच. इन्सब्रूकमध्ये २०१२ ला लिथियम-६ च्या सागरात पोटॅशियम-४० चे पाहुणे सोडून ही शाखा पाहिली गेली. फ्लॉरेन्समध्ये २०१७ ला नुसत्या लिथियमवर.

य = २ ला हाताचं सूत्र ०.२६३ देतं, शिखर त्याच्या जवळपासच उभं आहे. य = १ ला शिखर रुंद. य = ०.३ ला त्याला शिखर म्हणवत नाही, नुसता उंचवटा.

आता तोच प्रश्न: ही रुंदी माझी की त्याची?

१८ मार्च, मंगळवार

उद्या रंगपंचमी, म्हणून दुकानं बंद व्हायच्या आत राजारामपुरीतनं आलेख-कागद आणला. संगणकावरही झालं असतं, पण मला हातानं ठिपके द्यायचे होते.

आडव्या अक्षावर ईटा: ०.०४, ०.०२, ०.०१, ०.००५. उभ्या अक्षावर शिखराची निम्म्या उंचीवरची रुंदी. आधी युनिटॅरिटीचा आकर्षक पोलरॉन, निळ्या पेननं. रुंदी दरवेळी ईटाच्या दुप्पट. पट्टी ठेवली, रेघ थेट मूळबिंदूतून गेली. म्हणजे त्याची स्वतःची रुंदी शून्य, दिसत होती ती सगळी माझी.

मग य = १ चा प्रतिकर्षक, लाल पेननं. चारही ठिपके जवळजवळ त्याच चढाच्या रेघेवर, पण रेघ सगळी वर उचललेली. ईटा शून्यावर नेला तरी उभ्या अक्षाला ती वरच छेदते. तेवढी रुंदी त्याची स्वतःची. पाहुण्याचं आयुष्य मर्यादित आहे हे मी पहिल्यांदा पट्टीनं मोजलं.

२१ मार्च, शुक्रवार

मॅडमना कागद दाखवला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "छान. आता सांग, हा पाहुणा मरतो तेव्हा जातो कुठं?"

गप्प बसलो. नंतर समीकरणात बघितलं. माझ्या लॅडर अप्रॉक्सिमेशनमध्ये (एकाच जोडीवर थांबणाऱ्या गणितात) तो फुटून 'सडा पाहुणा + एक जोडी' होतो. पण खरा सडा पाहुणा या सागरात अस्तित्वातच नाही, खाली आहे तो लवाजम्यासकट आकर्षक पोलरॉन, नाहीतर रेणू. मला आयुष्य मिळालं, पण उतरण्याचं स्टेशन चुकीचं लिहिलेलं. ईटाची रुंदी काढून टाकली, अप्रॉक्सिमेशनची आतच राहिली, आणि तिला घालवायला पट्टी पुरत नाही.

असाच दुसरा खोटेपणा आज मुद्दाम बघितला. य वाढवत नेला तर ०.९ च्या आसपास पोलरॉनपेक्षा रेणूची ऊर्जा खाली जाते (प्रोकोफ्येव आणि स्विस्तुनोव, २००८, मोंटे कार्लो म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन केलेलं गणित). माझ्या कोडला याची दादच नाही, य = १.२ लाही आकर्षक पोलरॉनची रेघ तेवढीच तीक्ष्ण. खरं तर तिला थोडी रुंदी यायला हवी. फार थोडी, कारण रेणू व्हायला आणखी दोन यजमान आणि त्यांचे होल लागतात आणि तेवढी जागा जुळणं अवघड. ब्रून आणि मासिन्यान यांच्या हिशेबात ती ऊर्जाफरकाच्या ९/२ घाताप्रमाणं वाढते. माझ्याकडं एकच जोडी, ते कुठनं दिसणार.

तिसरा: पाहुण्याचं वस्तुमान भलतंच वाढवलं. अँडरसन यांनी १९६७ मध्ये सांगितलंय की न हलणारा पाहुणा असेल तर रेसिड्यू शून्याला जातो. सगळा सागर इतका थोडाथोडा बदलतो की जुन्या अवस्थेशी त्याची ओळखच राहत नाही. माझा कोड बिनदिक्कत शून्याहून मोठा रेसिड्यू छापतो. असंख्य बारीक जोड्यांचं काम एका जोडीला सांगितल्यावर दुसरं काय होणार.

प्रबंधात हे तिन्ही लिहायचे का, विचारलं. "परीक्षक विचारतील म्हणून नको लिहूस," मॅडम म्हणाल्या. "तुला दिसलंय म्हणून लिही."

२ एप्रिल, बुधवार

रंगीत तालीम. 'क्वासिपार्टिकल'ला (लवाजम्यासकट एकाच कणासारखा वागणारा, जसा आपला पोलरॉन) मराठीत काय म्हणायचं यावर पंधरा मिनिटं गेली. क्वासिपार्टिकलच ठेवलं. ज्युनियर पोरांपैकी एकानं विचारलं, "सर, शिखर एवढं उंच आलं म्हणजे पोलरॉन भक्कम ना?" मला सर म्हटल्याचंच जास्त अप्रूप वाटलं. उत्तर म्हणून ईटा अर्धा करून त्याच्यासमोर रन दाखवला. शिखर दुप्पट झालं. "आता दुप्पट भक्कम?" तो हसला.

१२ एप्रिल, शनिवार

जोतिबाची यात्रा. रस्ताभर गुलाल, रूमच्या खिडकीच्या जाळीवरसुद्धा. सबमिशन सोमवारी.

चौथ्या आकृतीखालची ओळ बदलली. आधी होती: 'युनिटॅरिटीला तीक्ष्ण शिखर दिसते.' आता: 'ईटा = ०.००५. शिखराची रुंदी पूर्णतः ईटामुळे, क्षेत्रफळ ०.७८.' पाचव्या आकृतीत आलेख-कागद स्कॅन करून तसाच घातला, लाल-निळ्या पेनसकट. मॅडमना चालतंय.

प्रिंटला गेलो. दुकानदारानं चौथी आकृती स्क्रीनवर मोठी केली, पुन्हा बारीक केली. "पाव्हणं, ही मधली रेघ लईच बारीक हाय, छापल्यावर दिसायची न्हाई. जाड करू का?"

"नको नको, आहे तशी राहू दे."

पहिल्या प्रतीत खरंच दिसली नाही. दुसऱ्यांदा लेझरवर काढली, तेव्हा आली.